उरलेल्या कामाची रेघ ओढणारा हेन्री गँट

अंधेरीचे सीप्झ, पवईचे हिरानंदानी संकुल किंवा मालाडचे माइंडस्पेस. यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या सॉफ्टवेअर कंपनीत सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. बोरिवली-मुलुंडहून लोकलच्या गर्दीत घुसळून आलेली सहा-सात तरुण मंडळी एका फळ्यासमोर किंवा संगणकाच्या मोठ्या पडद्यासमोर उभी असतात. खुर्च्या मुद्दामच नसतात, कारण बसले की बैठक लांबते. काल काय झाले, आज काय करायचे आणि कुठे अडले आहे, एवढेच प्रत्येकाने सांगायचे. पंधरा मिनिटांत सभा बरखास्त होते. या सगळ्यांच्या नजरेसमोर एक आलेख असतो. डाव्या बाजूला उंचावर सुरू होणारी आणि उजवीकडे खाली उतरत जाणारी एक रेघ. तिला या व्यवसायात ‘बर्नडाउन चार्ट’ म्हणतात. काम जळत जळत शून्यावर आले की पंधरवड्याचे आवर्तन, म्हणजे ‘स्प्रिंट’, संपले.

या आलेखाचे जनकत्व अमेरिकेतील सॉफ्टवेअरतज्ज्ञ केन श्वाबर यांच्याकडे जाते. सन २०००च्या सुमारास त्यांनी तो प्रचारात आणला. परंतु कामाचा हिशेब वहीतील आकड्यांतून काढून भिंतीवरच्या रेघेत आणावा, म्हणजे मागे पडलेले काम लहानथोर सर्वांना एका नजरेत दिसेल, ही कल्पना त्याहून जवळजवळ शंभर वर्षे जुनी आहे. ती ज्याच्या नावाशी जोडली गेली तो हेन्री लॉरेन्स गँट. ‘गँट चार्ट’ हे दोन शब्द उपनगरांतल्या बहुतेक कार्यालयांत रोज उच्चारले जातात. त्यामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो, आणि ते जरा खेदजनकच आहे. कारण त्याचे आयुष्य त्याच्या आलेखापेक्षा पुष्कळच अधिक गुंतागुंतीचे होते.

गँटचा जन्म २० मे १८६१ रोजी अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या कॅल्व्हर्ट काउंटीत झाला. अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. वडील व्हर्जिल गँट हे तंबाखूचे मोठे बागायतदार होते आणि त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते. मेरिलँड उत्तरेच्या संघराज्यातच राहिले, पण गुलामगिरी तेथे कायदेशीर होती. १८६४च्या नोव्हेंबरात राज्याच्या नव्या घटनेने ती रद्द केली. युद्ध संपले तेव्हा गँट कुटुंबाचे वैभव संपले होते. जमीन होती, पण फुकट राबणारे हात उरले नव्हते. कुटुंबाला मळा सोडून बाल्टिमोर गाठावे लागले.

बाल्टिमोरजवळ १८७३ साली मॅक्डोनो नावाची एक निवासी शाळा निघाली. गरीब घरांतील मुलांसाठी, शेतावर काम करत शिकण्याची ती शाळा. एकेकाळच्या जमीनदाराचा मुलगा हेन्री तेथील सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. पहाटे उठून शेतकाम, मग वर्ग, मग पुन्हा काम, अशी तिथली शिस्त होती. श्रमाबद्दल वाटणारा आदर आणि आळसाबद्दलची चीड या दोन्ही गोष्टी गँटने तेथून उचलल्या असाव्यात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १८८० साली तो पदवीधर झाला. याच शाळेत काही काळ शिक्षक म्हणून परतला आणि १८८४ साली न्यू जर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून त्याने यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. शिक्षकी पेशा त्याच्या स्वभावात मुरलेला होता, हे पुढे कारखान्यातही दिसून आले.

१८८७ साली गँट फिलाडेल्फियातील मिडव्हेल स्टील कंपनीत रुजू झाला आणि तेथे त्याची गाठ फ्रेडरिक टेलरशी पडली. टेलर म्हणजे हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजणारा अभियंता. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला आद्यपुरुषाचा मान दिला जातो आणि कामगार चळवळीच्या इतिहासात ज्याला खलनायकाची जागा मिळते, तोच हा टेलर. लोखंड किती वेगाने कापता येईल, खोरे किती मोठे असावे, विश्रांती किती द्यावी, या सर्वांचे एकच शास्त्रशुद्ध उत्तर असते, असा त्याचा ठाम विश्वास. गँट त्याचा सहायक झाला. दोघांनी मिळून पेटंटेही घेतली. पुढे १८९९मध्ये टेलरबरोबर तो बेथलेहेम स्टील कंपनीत गेला. तेथे कार्ल बार्थ या गणिती सहकाऱ्यासह धातू कापण्याच्या गतीचे हिशेब चुटकीसरशी करणाऱ्या सरकपट्ट्या त्यांनी बनवल्या.

येथपर्यंतचा गँट हा टेलरचा शिष्य होता. पहिला फरक पडला तो मजुरीच्या प्रश्नावर. टेलरची पद्धत अशी, की ठरलेले काम पूर्ण करणाऱ्याला प्रत्येक नगामागे चढा दर आणि न करणाऱ्याला उतरता दर. म्हणजे मागे पडणाऱ्याला दुहेरी शिक्षा, नग कमी आणि दरही कमी. गँटने १९०१ साली बेथलेहेममध्ये निराळी पद्धत आणली. रोजची मजुरी पक्की. नेमून दिलेले काम वेळेत झाले तर तिच्यावर बोनस. नाही झाले तर बोनस नाही, पण पोटावर पाय नाही. शिवाय मुकादमाचा बोनस त्याच्या हाताखालच्या किती कामगारांना बोनस मिळाला यावर ठरायचा, आणि सगळ्यांनाच मिळाला तर मुकादमाला आणखी जादा. म्हणजे मुकादमाने हाकण्याऐवजी शिकवावे, यातच त्याचा फायदा. शिक्षक गँटची ही खूण म्हणावी लागेल.

या नेमून दिलेल्या कामासाठी इंग्रजीत जो शब्द वापरला जाई, तो अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांच्या रोजच्या कामासाठीही वापरला जात असे. गँटला याची पूर्ण जाणीव होती. लोकांना हा शब्द खटकतो, तो गुलाम हाकणाऱ्यांची आठवण करून देतो, हे त्याने आपल्या लिखाणात नोंदवले आहे. शब्द मात्र बदलला नाही. वडिलांच्या मळ्याची छाया त्याच्या कामावर किती होती, यावर अलीकडच्या अमेरिकी इतिहासकारांनी बरीच चर्चा केली आहे. गुलामांच्या मळ्यांवर कापूस वेचणीचे दररोजचे, माणशी हिशेब किती काटेकोर ठेवले जात, हे त्यांनी कागदपत्रांतून दाखवून दिले आहे. आधुनिक व्यवस्थापनाचा वंशवृक्ष केवळ पोलादाच्या कारखान्यापाशी थांबत नाही, असा त्याचा अर्थ. गँटच्या बाबतीत हे कोडे एका माणसातच साठलेले दिसते.

बोनसाचा हिशेब ठेवताना पहिले आलेख आले. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे रोज एक रेघ. बोनस मिळाला तर काळी, न मिळाला तर लाल. भिंतीवर हा तक्ता टांगला की महिनाभरात काळी रेघ वाढत जाते की लालीचे ठिपके पडताहेत, हे स्वतः कामगारालाही दिसे. साधी गोष्ट, पण तोवर कारखान्यांत हिशेब असे तो कारकुनाच्या खतावणीत, आणि तो कळे महिना संपल्यावर. १९०३ साली अमेरिकेच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे गँटने एक निबंध वाचला. त्यात कारखान्याचा रोजचा ताळेबंद आलेखाने कसा मांडावा, याचे विवेचन होते. कालच्या दिवसाचे उत्तर आज सकाळी टेबलावर असले पाहिजे, हा त्यातील मुख्य आग्रह. आजच्या सकाळच्या उभ्या बैठकीचे बीज येथेच शोधावे लागेल.

बेथलेहेम सोडल्यावर गँट सल्लागार म्हणून स्वतंत्र झाला. रेल्वे इंजिनांचे कारखाने, कापडगिरण्या, ब्लीचिंगचे कारखाने अशा ठिकाणी त्याने आपली पद्धत लावली. १९१०च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधील त्याच्या घरी काही मंडळी जमली होती. रेल्वे कंपन्यांना मालवाहतुकीचे दर वाढवून हवे होते आणि त्याला विरोध करणारे वकील लुई ब्रँडाइस यांना अभियंत्यांची साक्ष हवी होती. कारभार सुधारला तर रेल्वे रोज दहा लाख डॉलर वाचवू शकेल, असा दावा पुढे सुनावणीत झाला आणि वृत्तपत्रांनी तो डोक्यावर घेतला. गँटच्या घरातील त्या बैठकीत या साऱ्या पद्धतींना ‘सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे नाव देण्याचे ठरले. त्याच वर्षी त्याचे ‘वर्क, वेजेस अँड प्रॉफिट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

प्रसिद्धीपाठोपाठ विरोधही आला. १९११च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील लष्करी कारखान्यात टेलरच्या पद्धतीविरुद्ध ओतकाम करणाऱ्या कामगारांनी काम बंद केले. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे गेले आणि पुढे लष्करी कारखान्यांत घड्याळ लावून काम मोजण्यावर कायद्याने बंदी आली. घड्याळ घेऊन मागे उभा राहणारा माणूस कोणाला आवडेल? हा प्रश्न केवळ अमेरिकेचा राहिला नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली हेच घडले. ससून समूहाच्या गिरण्यांनी ‘एफिशियन्सी’ योजना आणली. कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, विणणाऱ्याने दोनऐवजी तीन माग चालवायचे. जानेवारीत ससूनच्या गिरण्यांत संप झाले, एप्रिलमध्ये संप शहरभर पसरला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियनचा जन्म झाला. मोजमाप करणाऱ्याने मोजले ते मागावरच्या हातांचे काम. खराब कापूस, तुटणारा धागा आणि जुनी यंत्रे यांचे मोजमाप कोणी करायचे, हा गिरणगावाचा सवाल होता.

गँटच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे वळण नेमके याच सवालापाशी आहे. कारखाने पाहत हिंडताना हळूहळू त्याच्या लक्षात येत गेले, की काम मागे पडते ते बहुतेक वेळा कामगाराच्या आळसामुळे नव्हे. माल आलेला नसतो. हत्यार मोडलेले असते. यंत्र दुरुस्तीला गेलेले असते. पुढचा हुकूमच आलेला नसतो. या सगळ्या गोष्टी कामगाराच्या हातातल्या नाहीत, त्या वरच्या माणसांच्या हातातल्या आहेत. म्हणून त्याच्या पुढच्या आलेखांत रेघ तुटली की तिथे कारणाचे अक्षर लिहायची पद्धत आली. माणूस गैरहजर, साहित्य नाही, हत्यार नाही, यंत्र नादुरुस्त, प्रत्येकाला एकेक अक्षर. यंत्रांसाठी वेगळा तक्ता, माणसांसाठी वेगळा. महिनाअखेरीस ती अक्षरे मोजली की लाल शेरा कोणाच्या नावावर मारायचा, हे आपोआप ठरे, आणि पुष्कळदा तो मालकाच्या टेबलापर्यंत पोहोचे. यंत्रे रिकामी राहिली तर त्यांचा खर्च वस्तूच्या किमतीत घालून गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, तो व्यवस्थापकाच्या नाकर्तेपणाचा खर्च म्हणून वेगळा दाखवावा, अशीही भूमिका त्याने घेतली. गिरणीमालकांना हे रुचणारे नव्हते. टेलरशीही त्याचे मतभेद वाढले होते. १९१५ साली टेलर वारला.

मग युद्ध आले. अमेरिका १९१७च्या एप्रिलमध्ये पहिल्या महायुद्धात उतरली, आणि गँट लष्कराच्या शस्त्रास्त्र खात्याच्या मदतीला फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारात दाखल झाला. बंदुका, काडतुसे, तोफगोळे यांच्या प्रचंड मागण्या नोंदवल्या जात होत्या. किती तयार झाले याचे आकडेही येत होते. परंतु खात्यातील अधिकाऱ्यांना एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. ठरलेल्या तारखेला माल मिळणार की नाही? दहा हजार नग तयार झाले, हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो. पण आजच्या तारखेला पंधरा हजार व्हायला हवे होते, हे त्यात दिसत नाही.

गँटने येथे जी युक्ती केली, तिच्यावर त्याची कीर्ती उभी आहे. त्याने आलेखाच्या आडव्या अक्षावर नगांची संख्या न ठेवता काळ ठेवला. प्रत्येक आठवड्याला सारख्याच रुंदीचा एक चौकोन. त्या आठवड्यात जेवढे काम ठरले आहे तेवढे झाले, तर बारीक रेघ चौकोनभर. निम्मे झाले तर अर्ध्यापर्यंत. ठरल्यापेक्षा जास्त झाले तर दुसरी रेघ. म्हणजे एकाच चौकोनात काळही आहे आणि त्या काळातले कामही. खाली एक जाड रेघ, ती आजवरच्या एकूण कामाची. आणि वर आजच्या तारखेची खूण. जाड रेघ त्या खुणेच्या अलीकडे थांबली असेल, तर मधली मोकळी जागा म्हणजे आपण किती दिवस मागे आहोत याचे थेट उत्तर. बंदुका, कपडे, गोळे, जहाजे यांची मोजमापे वेगवेगळी असतात. पण ‘तीन आठवडे मागे’ ही भाषा सर्वांना सारखीच कळते, सेनापतीलाही आणि मुकादमालाही. हीच पद्धत पुढे जहाजबांधणीच्या कामाला आणि मालवाहू जहाजांच्या फेऱ्यांना लावली गेली.

या जागी थोडे विषयांतर करून घाटकोपर-अंधेरीकरांना एक आठवण द्यायला हरकत नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानके १२. पायाभरणी २००६ साली झाली, बांधकाम २००८ साली सुरू झाले आणि गाडी धावली ती ८ जून २०१४ रोजी. मधल्या वर्षांत मेट्रो कधी सुरू होणार याच्या नवनव्या तारखा वृत्तपत्रांत येत राहिल्या, आणि किती टक्के काम झाले, याचे आकडेही. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर धूळ खात उभ्या असलेल्या प्रवाशाला टक्केवारीत रस नव्हता. पुलाच्या एका तुळईवर अडलेले दहा टक्के काम आधीच्या नव्वद टक्क्यांइतकाच वेळ खाऊ शकते, हे तो अनुभवाने शिकला होता. किती झाले आणि किती उरले हे वजाबाकीचे साधे गणित वाटते, पण तसे ते नाही. फ्रँकफर्डच्या अधिकाऱ्यांना पडलेला पेच हाच होता.

सॉफ्टवेअरमध्ये तर हा पेच आणखी अवघड होतो, कारण तेथे काम डोळ्यांना दिसतच नाही. इमारतीचा मजला मोजता येतो, प्रोग्रॅमचा येत नाही. अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात दाखवून दिले, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर उशीर वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. बर्नडाउनची रेघ या अनुभवातून आली आहे. समजा, दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दहा दिवस आहेत आणि गटासमोर ३०० तासांचे काम आहे. रोज ३० तासांचे काम संपले तर दहाव्या दिवशी रेघ शून्यावर येईल. चौथ्या दिवसअखेर १८० तास उरायला हवेत. प्रत्यक्षात २२० उरले असतील, तर दीड दिवसापेक्षा थोडी कमीच, पण स्पष्ट पिछाडी आहे. यातली खरी मेख पुढे आहे. एखाद्या प्रोग्रॅमरने १२ तासांच्या कामावर आठ तास घातले, तर चार उरले असे लिहायचे नसते. कामात हात घातल्यावर त्याला कळले, की अजून दहा तास लागतील, तर दहाच लिहायचे. रोज नव्याने अंदाज बांधायचा. किती घाम गाळला याचा येथे हिशेब नाही, काय बाकी आहे याचाच आहे. रेघ एखाद्या दिवशी खाली न येता वरही चढते, आणि ती चढू देण्याचा प्रामाणिकपणा गटाने दाखवायचा असतो.

गँट आणि बर्नडाउन यांत फरक आहे तो इथे. गँटच्या तोफगोळ्यांचे काम आधीच पुरते ठाऊक होते, फक्त गती मोजायची होती. सॉफ्टवेअरमध्ये कामाचा आकारच करता करता उलगडतो. म्हणूनच १९९५ साली केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ‘स्क्रम’ ही पद्धत जाहीरपणे मांडली तेव्हा, आणि २००१च्या फेब्रुवारीत युटा राज्यात १७ सॉफ्टवेअरतज्ज्ञांनी ‘अ‍ॅजाइल’ जाहीरनामा काढला तेव्हा, वर्षभराचे वेळापत्रक आधीच आखणारा गँट चार्ट हा जणू त्यांच्या टीकेचे लक्ष्यच बनला. त्यात गँटवर थोडा अन्याय झाला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. संगणकावर आज ज्या रंगीत आडव्या पट्ट्या ‘गँट चार्ट’ म्हणून दिसतात, एकातून दुसरीकडे बाण गेलेल्या, तशा त्याने कधी काढल्याच नव्हत्या. कामांची एकमेकांवरची अवलंबित्वे दाखवणारी जाळी १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली, अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या वेळी. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर १९८४ साली निघाले आणि अशा सॉफ्टवेअरमुळे त्या पट्ट्या घरोघरी पोहोचल्या. पोलंडच्या कॅरोल आदामीएत्स्की या अभियंत्याने तर गँटच्या आधी, १८९६च्या सुमारास, कामाच्या वेळापत्रकाचा आलेख बनवला होता. त्याने तो पोलिश आणि रशियन भाषांत मांडला, त्यामुळे इंग्रजी जगाला त्याचे नाव उशिरा कळले. नावाचे श्रेय भाषेच्या जोरावर मिळते, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

युद्धकाळातील गँट केवळ आलेख काढत बसला नव्हता. १९१६च्या अखेरीस त्याने ‘द न्यू मशीन’ नावाचा एक गट स्थापन केला. उद्योगांची सूत्रे नफा मोजणाऱ्यांकडून काढून काम जाणणाऱ्यांच्या, म्हणजे अभियंत्यांच्या हाती द्यावीत, असा त्या गटाचा विचार. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना त्यांनी पत्रही पाठवले. गट फार टिकला नाही. लोकांनी निवडून दिलेल्यांपेक्षा तज्ज्ञांनीच राज्य करावे, या कल्पनेतील धोका गँटला पुरेसा दिसला नाही, हे मान्य करावे लागते. पण ज्याने आयुष्याच्या पूर्वार्धात मजुराच्या हातांचे सेकंद मोजले, त्याने उत्तरार्धात कारखानदाराच्या सामाजिक जबाबदारीचा जाब विचारावा, हा प्रवास लहान नाही. १९१९ साली निघालेल्या ‘ऑर्गनायझिंग फॉर वर्क’ या त्याच्या अखेरच्या पुस्तकाचा सूर असाच आहे. उद्योग समाजाच्या सेवेसाठी आहे, नफा त्या सेवेच्या बदल्यात मिळतो. हे भान सुटले तर समाज उद्योग आपल्या हाती घेईल, हा इशारा त्यात आहे. रशियात क्रांती होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९१९ रोजी, न्यूयॉर्क राज्यात गँटचे आजारपणाने निधन झाले. वय ५८. त्याने आपल्या आलेखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिलाच नव्हता. ते काम त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याने केले. १९२२ साली निघालेल्या ‘द गँट चार्ट’ या क्लार्कच्या पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली, रशियन भाषेतही. न्यूयॉर्कच्या भांडवली कारखान्यांसाठी घडलेला हा आलेख सोव्हिएत पंचवार्षिक योजनेच्या भिंतींवर जाऊन बसला. गँटचा आणखी एक सहकारी, रशियात जन्मलेला वॉल्टर पोलाकोव्ह, १९२९ साली हे तंत्र शिकवायला तिकडे गेला.

मुंबईत हे शास्त्र रीतसर शिकवण्याची सोय झाली ती उपनगरातच. पवईला विहार तलावाच्या काठी १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रेनिंग इन इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग’ ही संस्था सुरू झाली. ‘निटी’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. कामाचा अभ्यास, वेळेचे मोजमाप, उत्पादनाचे नियोजन हेच तिचे सुरुवातीपासूनचे विषय. तेथून जेमतेम काही किलोमीटरवर, अंधेरीत, १९७३ साली सीप्झ उभे राहिले. आरंभी ते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथे सॉफ्टवेअर कंपन्यांनी बस्तान मांडले आणि भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या पहिल्या घरांपैकी ते एक ठरले.

त्या घरांतील आजच्या पिढीपुढे गिरणगावाचा जुना सवाल नव्या कपड्यांत उभा आहे. बर्नडाउनची रेघ गटाने स्वतःसाठी काढायची, असे पुस्तक सांगते. व्यवहारात ती परदेशी गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी आणि वार्षिक मूल्यमापनात वापरण्यासाठी काढली गेली, की तिच्यातील प्रामाणिकपणा पहिल्या आठवड्यातच संपतो. उरलेले तास कमी दाखवले जातात, रेघ सुबकपणे शून्याकडे येते आणि शनिवार-रविवार कार्यालयात जातात. बर्नडाउनमध्ये गँटच्या तक्त्यासारखी कारणांची अक्षरेही नसतात. गिऱ्हाइकाने मध्येच मागणी बदलली, सर्व्हर बंद होता, परवानगी आली नाही, हे सकाळच्या बैठकीत बोलले जाते आणि तिथेच विरून जाते. काही गट आता अशा अडथळ्यांची नोंद फळ्याच्या कडेला लाल चिठ्ठ्यांवर ठेवतात. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेनेही पुढे बर्नडाउनची सक्ती काढून टाकली. उरलेले काम उघडपणे दिसले पाहिजे एवढी अट ठेवली आणि ते कसे दाखवायचे, हे गटावर सोपवले.

अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९२९ साली गँटच्या नावाने एक पदक सुरू केले. व्यवस्थापनातील कामगिरी आणि समाजाची सेवा या दोन्हींसाठी ते दिले जाते. पहिले पदक गँटलाच मिळाले, मृत्यूनंतर दहा वर्षांनी.